लिव्हरची साधी गाठ काढली तरी दुखणं का राहतं? ऑपरेशनआधीपासून वर्षभरापर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमानं करायचं

गाठ निघाली, टाके निघाले, बायोप्सीत कॅन्सर नाही असं आलं. तरी चार महिन्यांनी उजव्या बरगडीखाली ठुसठुसतंय आणि घरातले म्हणू लागतात, "ऑपरेशन फसलं." बहुतेक वेळा ते फसलेलं नसतं. एक तर आधीचं दुखणं मुळात गाठीचं नव्हतंच आणि ते कुणी तपासलं नाही. नाही तर आताचं दुखणं नवीन आहे. ते जखमेतल्या नसेचं, पित्ताचं किंवा पोटाच्या भिंतीचं आहे, पण जागा तीच म्हणून जुनं वाटतं. दोन्ही प्रकार टाळता येतात किंवा निदान ओळखता येतात. त्यासाठी कामं ठरलेल्या क्रमानं करावी लागतात आणि सुरुवात ऑपरेशनच्या बऱ्याच आधी होते.

साधी गाठ म्हणजे इथं तीन प्रकार धरले आहेत. हिमॅन्जिओमा हा रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. दुसरा प्रकार फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया, म्हणजे एफएनएच, यात लिव्हरच्या साध्या पेशी एका जागी जास्तीच्या वाढतात. तिसरा ॲडेनोमा, ही लिव्हरच्या पेशींची, हार्मोनशी नातं असलेली गाठ. मेंढरं आणि कुत्री पाळणाऱ्या घरांत दिसणारी हायडॅटिडची पाण्याची गाठ हा जंतामुळे होणारा वेगळा आजार आहे. त्याचे उपचार वेगळे, त्याला हा क्रम लावू नका.

टप्पा 1: गाठीचं नाव कागदावर पक्कं करा

नुसत्या सोनोग्राफीवर ऑपरेशन ठरवू नका. सोनोग्राफी गाठ आहे एवढं सांगते, कोणती आहे ते खात्रीनं सांगत नाही. त्यासाठी कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) देऊन केलेला एमआरआय किंवा तीन टप्प्यांतला सीटी स्कॅन लागतो. कॉन्ट्रास्ट दिल्यावर हिमॅन्जिओमा कडेकडून आतपर्यंत सावकाश भरत जातो. एफएनएचमध्ये बऱ्याचदा मधोमध व्रणासारखी रेघ दिसते. ॲडेनोमा ओळखायला एमआरआय जास्त उपयोगी पडतो.

नाव का हवं? कारण प्रत्येक गाठीत ऑपरेशनचा हेतू वेगळा असतो, आणि पुढे आराम मोजायचा तो त्या हेतूवरूनच.

हिमॅन्जिओमा आणि एफएनएच कॅन्सरमध्ये बदलत नाहीत. त्रास नसेल तर गाठ मोठी असली तरी सहसा नुसती नजरेखाली ठेवतात. इथं ऑपरेशन करायचं ते मुख्यतः त्रासासाठी, म्हणून त्रास गाठीचाच आहे हे आधी सिद्ध झालं पाहिजे.

ॲडेनोमाचं गणित निराळं. 5 सेंटीमीटरच्या वरचा ॲडेनोमा फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि त्यातून कॅन्सर होण्याची शक्यताही असते. पुरुषांत हा धोका जास्त, म्हणून पुरुषांमध्ये आकार लहान असला तरी गाठ काढण्याचाच सल्ला दिला जातो. स्त्रियांमध्ये आधी गर्भनिरोधक गोळ्या बंद करतात, वजन कमी करायला सांगतात आणि साधारण 6 महिन्यांनी पुन्हा एमआरआय करून ठरवतात. इथं ऑपरेशन धोका टाळण्यासाठी असतं. ॲडेनोमा काढल्यावर थोडं पोट दुखत राहिलं म्हणून ऑपरेशन वाया गेलं, असं होत नाही.

तपासून पाहा: फाइलच्या पहिल्या पानावर गाठीचं नाव, सेंटीमीटरमध्ये आकार आणि लिव्हरचा भाग किंवा सेगमेंटचा आकडा लिहिलेला आहे का? यातलं एक जरी नसेल तर पुढे जाऊ नका, विचारून घ्या.

टप्पा 2: दुखणं खरंच त्या गाठीचं आहे का?

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं घाई करू नका.

लिव्हरच्या आत दुखणं कळवणाऱ्या नसा फार थोड्या. दुखतं ते मुख्यतः लिव्हरवरचं आवरण ताणलं गेलं की, किंवा गाठीनं जठर, छाती-पोटामधला श्वासाचा पडदा यांच्यावर दाब आला की. त्यामुळे आत खोलवर असलेला 2-3 सेंटीमीटरचा हिमॅन्जिओमा सहसा दुखत नाही. 10 सेंटीमीटरचा, डाव्या भागातून जठरावर टेकलेला असेल तर दोन घास खाल्ले की पोट भरल्यागत होणं, जडपणा, मळमळ हे पटण्यासारखं आहे.

गाठ सापडण्याआधीच दुखत असेल तर ही चार कारणं एकेक करून बाजूला काढा:

1. ॲसिडिटी आणि जठराची सूज. डॉक्टर ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या 4 ते 8 आठवडे देऊन बघतात, लागल्यास एंडोस्कोपी करतात. गोळ्यांनी दुखणं निम्म्यावर आलं तर ते बरंचसं जठराचं होतं.
2. पित्ताशयातले खडे. तेलकट खाल्ल्यानंतर येणारी, पाठीकडे जाणारी कळ.
3. आतड्याचा त्रास. संडास झाल्यावर पोट हलकं होत असेल तर गाठीचा संबंध कमी.
4. पोटाची भिंत आणि पाठीचा कणा. यासाठी डॉक्टर एक साधी तपासणी करतात. तुम्ही उताणे झोपता, ते सगळ्यात दुखऱ्या जागी बोटानं दाब ठेवतात आणि हाताचा आधार न घेता डोकं-खांदे उचलायला सांगतात. पोट कडक झाल्यावर दुखणं वाढलं तर ते बहुधा भिंतीचं, कमी झालं तर आतलं. अर्ध्या मिनिटाची तपासणी आहे. ती झाली नसेल तर करायला सांगा.

याच काळात सलग 14 दिवस डायरी लिहा. शाळेची दोनशे पानी वही पुरते. रोज पाच गोष्टी 0 ते 10 मध्ये मांडा: दुखणं, पोट भरल्यासारखं वाटणं, मळमळ, थकवा, आणि कामात झालेला अडथळा. सोबत एक ओळ लिहा, उदाहरणार्थ: "मंगळवार, सकाळी भाकरी-पिठलं खाऊन अर्ध्या तासानं बरगडीखाली 4, ढेकर आल्यावर 2." या एका ओळीतून सर्जनला जितकं कळतं तितकं "डॉक्टर, सारखं दुखतंय" यातून कळत नाही. हीच वही वर्षभर लागणार आहे, जपून ठेवा.

सावधान: अचानक जोराची कळ, घाम, चक्कर, पोट फुगणं असं झालं तर डायरी बाजूला ठेवा. गाठ फुटून आत रक्त जात असू शकतं. 108 ला फोन करा.

टप्पा 3: भरती होण्याआधीचे चार आठवडे

सर्जनला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहून घ्या. किती लिव्हर काढणार? पित्ताशयही काढणार का? चीर मोठी की दुर्बिणीतून? पुढचा बराचसा त्रास या तीन उत्तरांवर ठरतो. निरोगी लिव्हरचा दोनतृतीयांशाहून जास्त भाग काढला तरी उरलेला वाढून भरून येतो आणि त्यातली बरीच वाढ पहिल्या काही आठवड्यांतच होते. लिव्हर चरबीनं भरलेलं असेल तर ही वाढ मंदावते. म्हणून या चार आठवड्यांत दारू पूर्ण बंद आणि रोज 30 ते 40 मिनिटं चालणं.

तंबाखू, मावा, सिगारेट, मिश्री, सगळं बंद. मिश्री लावणाऱ्या आज्या-मावश्यांना ती तंबाखू वाटतच नाही, विचारलं तरी त्या "काही नाही" म्हणतात. ती तंबाखूच आहे, तिच्यानंही जखम भरायला उशीर होतो. घरातल्यांनीच हे डॉक्टरांना सांगावं.

औषधांची यादी करताना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, गर्भनिरोधक गोळ्या, आयुर्वेदिक काढे, जिममधल्या पावडरी, सगळं लिहा. काय किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर हॉस्पिटलमध्ये या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधी भेटा. मंजुरी आधी लागते. चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीकडून कोल्हापूरला येणाऱ्यांनी कागदांची एकेक झेरॉक्स जास्तीची आणावी, म्हणजे एका कागदापायी पुन्हा एवढा प्रवास करावा लागत नाही.

टप्पा 4: हॉस्पिटलमधले दिवस

इथं काम कमी आहे, पण नेमानं करायचं. श्वासाच्या व्यायामाचं यंत्र देतात, जागेपणी दर तासाला 10 वेळा हवा आत ओढा. उजव्या बाजूच्या ऑपरेशननंतर छातीत पाणी किंवा कफ साठू शकतो, ते टाळायला हे हवं. खोकताना चिरेवर उशी घट्ट धरा. दुसऱ्या दिवसापासून आधार घेऊन चाला, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

उजव्या खांद्यात दुखू लागलं तर घाबरू नका. लिव्हरच्या वरच्या पडद्याची नस आणि खांद्याची जाणीव मानेतल्या एकाच ठिकाणाहून येते. म्हणून पडदा चुरचुरला की खांदा दुखतो.

तपासून पाहा: घरी निघताना डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं पूर्ण नाव, पित्ताशय काढलं की नाही, नळी असेल तर ती कधी काढायची, आणि बायोप्सी रिपोर्ट कुठून, कधी घ्यायचा हे चारही लिहिलेलं हवं.

टप्पा 5: घरचे पहिले सहा आठवडे

गोळ्या. दुखण्यासाठी मुख्य गोळी पॅरासिटामॉल, आणि मर्यादा पाळली नाही तर लिव्हरला सगळ्यात जास्त इजा करणारीही तीच. लिव्हरचा मोठा भाग काढल्यावर दिवसाला 2 ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. 650 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या म्हणजे 1950, तिथं थांबायचं. चूक अशी होते: डॉक्टरांच्या तीन गोळ्या चालू असतात, वर सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून आणखी एक पाकीट येतं आणि त्यातही पॅरासिटामॉल असतं. पाकिटावरची नावं वाचल्याशिवाय नवी गोळी घेऊ नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तरच घ्यायच्या. त्यांनी जठरात व्रण, रक्तस्राव आणि किडनीवर ताण येऊ शकतो.

"लिव्हरचं औषध" म्हणून गुळवेल, अश्वगंधा किंवा कुणीतरी आणून दिलेला पाला सुरू करू नका. गुळवेलीनंतर लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी कोविडकाळात मुंबईतून झाल्या आहेत. भरून येणाऱ्या लिव्हरवर असा प्रयोग नको.

खाणं. मायेपोटी होणारी चूक म्हणजे महिनाभर मऊ भात आणि मुगाचं पाणी. लिव्हर वाढायला आणि जखम भरायला प्रथिनं लागतात, साधारण दर किलो वजनामागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम. 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. हिशोब असा बसतो: दोन अंडी 12, दोन वाट्या घट्ट वरण 13, पाव लिटर दूध 9, शिजलेलं 100 ग्रॅम चिकन 25, एक वाटी दही 5, तीन भाकऱ्या 12. एकूण 76. शाकाहारी घरात चिकनच्या जागी 100 ग्रॅम पनीर आणि मूठभर शेंगदाणे. किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

तिखटानं लिव्हर खराब होतं, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. कांदा-लसूण चटणीनं लिव्हरला काही होत नाही. जठर चुरचुरत असेल तर ती काही दिवस कमी करा, एवढंच. खरा त्रास तेल-चरबीचा, आणि तोही पित्ताशय काढलं असेल तर जास्त. मिसळीच्या कटावरचा तवंग, पांढऱ्या रश्श्यातलं खोबऱ्याचं दूध आणि काजू, म्हशीचं घट्ट दूध, हे सगळं एका बैठकीत गेलं की पोट फुगतं आणि पातळ संडासला पळावं लागतं. पहिले सहा आठवडे दुधाची साय काढा, थोडं थोडं पाच-सहा वेळा खा, आणि तांबडा रस्सा खायचाच तर वरचं तेल बाजूला काढून अर्धी वाटी. दूध कट्ट्यावर समोर काढून मिळणारं धारोष्ण दूध या काळात नको. दूध उकळूनच प्या. कावीळ होऊ नये म्हणून तांबेभर उसाचा रस पाजतात, त्यानं लिव्हरला ताकद येत नाही. रस्त्यावरच्या बर्फातून जुलाब मात्र येतात.

वजन उचलणं. मोठी चीर असेल तर 6 ते 8 आठवडे 4-5 किलोच्या वर काही उचलू नका. 10 लिटरची भरलेली बादली 10 किलोच्या वर जाते, भरलेला गॅस सिलिंडर 29-30 किलो. वैरणीचा भारा, दुधाची किटली, नातवंड, सगळंच यात आलं. स्नायू नीट जुळायच्या आत ताण पडला की चिरेच्या जागी हर्निया होतो, आणि मग वर्षभरानं पुन्हा "जुनंच दुखणं" म्हणून धावपळ. दुर्बिणीतून झालं असेल तर सर्जन लवकर मोकळीक देतात, पण तारीख त्यांच्याकडूनच घ्या. चालायला रंकाळ्याकाठची सपाट वाट चांगली. जोतिबाच्या पायऱ्या सध्या नकोत.

सावधान: 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप किंवा हुडहुडी, डोळे पिवळे, लघवी गडद, संडास पांढुरकी, पोट फुगत जाणं, जखमेतून पू किंवा पिवळं-हिरवं पाणी, एका पोटरीला सूज, दम लागणं, काळी संडास, बडबड किंवा गुंगी. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी, शक्यतो जिथं ऑपरेशन झालं तिथंच जा. पित्त गळत असेल किंवा आत पू साठला असेल तर एक दिवसाचा उशीरही महाग पडतो.

टप्पा 6: बायोप्सीचा रिपोर्ट हातात घ्या

"काही नाही, साधी गाठ होती" हे तोंडी ऐकून लोक घरी जातात आणि कागद तिथंच राहतो. तो आणाच. ॲडेनोमा असेल तर त्याचा उपप्रकार विचारा. बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकात बदल असलेल्या प्रकारात कॅन्सरचा धोका जास्त, आणि पुढची तपासणी किती वर्षं करायची हे त्यावर ठरतं. गाठीचा मेणातला ठोकळा लॅबमध्ये ठेवतात, पुढे दुसरं मत हवं असेल तर तो उपयोगी पडतो. म्हणून रिपोर्टवरचा नंबर वहीत लिहा.

टप्पा 7: सहा आठवडे ते वर्ष, उरलेलं दुखणं वेगळं ओळखणं

आता पहिली वही काढा. सहाव्या आठवड्यात, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात सलग 7 दिवस त्याच पाच गोष्टी, त्याच 0 ते 10 मध्ये लिहा. मधल्या काळात रोज लिहू नका. रोज स्वतःच्या पोटाकडे बघत राहिलं की दुखणं वाढल्यासारखं वाटतं. पहिल्या तीन महिन्यांतला थकवा धरू नका, लिव्हर भरून येत असतं. निकाल लावायचा तो सहा महिन्यांच्या आकड्यावरून.

आकडा खाली आला नसेल तर "दुखतंय" यावर थांबू नका, कसं दुखतंय ते बघा.

चिरेच्या रेषेत जळजळ, कपडा लागला तरी झोंबणं, बाजूला बधिरपणा. हे कापलेल्या नसांचं दुखणं. लिव्हर निर्दोष असतं. यावर साध्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. नसांच्या दुखण्याची औषधं किंवा त्या जागी भुलीचं इंजेक्शन लागतं. ते करणारे पेन क्लिनिकचे किंवा भूलतज्ज्ञ डॉक्टर असतात. लोक सोनोग्राफीवर सोनोग्राफी करत वर्ष घालवतात आणि या डॉक्टरांकडे कुणी पाठवतच नाही, याचं फार वाईट वाटतं. बोटाच्या दाबाची टप्पा 2 मधली तपासणी इथं पुन्हा उपयोगी पडते, मात्र दोन महिन्यांनंतर आणि डॉक्टरांकडूनच.

खोकताना चिरेपाशी फुगवटा, आडवं झाल्यावर तो आत जाणं: हर्निया. सर्जनला उभ्यानं दाखवा, झोपून दिसत नाही.

थोडं खाल्लं की पोट भरणं, मळमळ: डावा भाग काढला असेल तर जठर रिकाम्या जागेत सरकून तिथं चिकटू शकतं आणि सावकाश रिकामं होतं. छोटे घास, जेवणानंतर तासभर न झोपणं, आणि डॉक्टरांना नेमकं हेच वाक्य सांगणं.

खाल्ल्याबरोबर पातळ संडास: पित्ताशय काढल्याचा परिणाम. तेल कमी करून नाही थांबलं तर पित्त बांधून ठेवणारी औषधं आहेत.

मुरडा, उलट्या, गॅस न सरकणं: आतडं चिकटून अडकलं असावं, त्याच दिवशी दाखवा. खाज, कावीळ, अधूनमधून थंडीताप: पित्तनलिका आकसलेली असू शकते. लिव्हरच्या रक्त तपासण्या आणि एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, लागेल.

आणि आकडे ऑपरेशनच्या आधीसारखेच, दुखण्याची तऱ्हाही तीच? मग बहुधा गाठ कारण नव्हती. टप्पा 2 मधली चार कारणं पुन्हा पहिल्यापासून तपासा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि त्या कारणांवर उपचार आहेत.

टप्पा 8: पुढची वर्षं

हिमॅन्जिओमा किंवा एफएनएच पूर्ण निघाला आणि बायोप्सीनं तसं सांगितलं, तर दर सहा महिन्यांनी स्कॅन करत बसायची सहसा गरज नसते. वर्षभरातली एक तपासणी पुरते, पुढचं सर्जन सांगतील.

ॲडेनोमाला मात्र एमआरआयचं वेळापत्रक पाळावंच लागतं, विशेषतः गाठी अनेक होत्या तर. लठ्ठपणा असेल तर वजन उतरवा.

तालमीत किंवा जिममध्ये अंग भरण्यासाठी घेतली जाणारी ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स ॲडेनोमाचं ओळखीचं कारण आहे. एकदा गाठ निघाली की ती इंजेक्शनं आणि गोळ्या कायमच्या बंद. मैदान जवळ आलं तरीही. वस्तादांना स्पष्ट सांगा. डॉक्टरांपासून लपवलं तर गाठ पुन्हा का आली हे शोधण्यात महिने जातात.

स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या पुन्हा सुरू करू नयेत. कॉपर-टी हा हार्मोन नसलेला पर्याय आहे. गरोदर राहायचा विचार असेल तर आधी सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना विचारा. एक गोष्ट हमखास सुटते: नवरात्रात, लग्नात किंवा जोतिबाच्या यात्रेला जाताना पाळी पुढे ढकलण्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळी. तीही हार्मोनचीच. लिव्हरमध्ये गाठ होऊन गेलेल्यांना ती देऊ नये असं तिच्या माहितीपत्रकातच असतं. काउंटरवर कुणी विचारत नाही, म्हणून घरातल्या मुलीबाळींना आणि सासूबाईंनाही हे सांगून ठेवा, आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहा: "ॲडेनोमा झाला होता. हार्मोनची गोळी नको."